लोथल ते धोळावीरा : सांडपाण्याच्या वाटेने

पहिला दिवस : लोथल

अहमदाबादहून बावळा, बगोदरा करत गाडी भाल प्रदेशात शिरली की जमीन इतकी सपाट होते, की कुठे उंचवटा दिसला तर तो माणसाच्याच हातचा असणार हे सांगावं लागत नाही. दोन्ही अंगांनी गहू उभा होता. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याची ओल ही माती धरून ठेवते आणि पुढे पाणी न देता भालिया गहू पिकतो, असं आमच्या चालकभाईंनी सांगितलं. त्यांचं स्वतःचं रान धोळक्याजवळ आहे, त्यामुळे गव्हाबद्दल ते भरभरून बोलत होते. साधारण ऐंशी किलोमीटरनंतर सरगवाला गाव आलं. लोथलचं टेकाड याच गावाच्या शिवारात आहे.

बरोबर माझ्या मोठ्या नणंदबाई होत्या. मी शाळेत इतिहास शिकवत असे. वन्संनी धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावी घर, रान आणि गुरं सांभाळली. 'हडप्पा संस्कृतीची नगररचना व सांडपाण्याची व्यवस्था' या प्रश्नाची दोन ओळींची उत्तरं मी वर्षानुवर्षं तपासली आहेत. त्या दोन ओळींत राहणारी माणसं सकाळी उठून काय करत असतील, हे जागेवर जाऊन बघायची इच्छा फार जुनी. मोहेंजोदडो आणि हडप्पा आता पाकिस्तानात. आपल्याला सहज जाता येण्यासारखी आणि नीट जपलेली ठिकाणं म्हणजे लोथल आणि धोळावीरा. एक नदीकाठचं, दुसरं मोठी नदी नसलेलं. दोन्ही एका फेरीत बघायचं ठरवलं होतं.

लोथल 1954 साली उजेडात आलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या एस. आर. राव यांनी 1955 ते 1960 या काळात ते खणून काढलं. गावाची भरभराट ढोबळमानाने इ.स.पू. 2400 ते 1900 या काळातली. फाटकातून आत गेल्यावर सगळे पर्यटक सरळ गोदीकडे वळतात. आम्ही आधी उंचवट्यावरच्या भागात गेलो, कारण तिथे न्हाणीघरं आहेत.

एका ओळीत बारा न्हाण्या. भाजक्या विटांचे चौकोनी ओटे, विटा एकमेकींना इतक्या घट्ट भिडवलेल्या की मधे नखही शिरू नये. प्रत्येक ओट्याला हलकासा उतार, उताराच्या टोकाला छोटी मोरी, आणि सगळ्या मोऱ्या एका मोठ्या झाकलेल्या गटारात उतरतात. विटांचं माप 1:2:4 या प्रमाणात असतं, म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी आणि चौपट लांबी. शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांतही हेच प्रमाण आढळतं. ही माहिती मी वन्संना देत होते. त्या मात्र वाकून गटाराच्या तोंडाकडे बघत होत्या.

"हे तुंबल्यावर साफ कोण करायचं गं, वहिनी?"

शिकवण्याच्या इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता, आणि मीही कुणाला विचारला नव्हता. पुढचा सगळा प्रवास आम्ही या प्रश्नाच्या मागे गेलो.

उत्तराचा एक भाग तिथेच दिसतो. गटाराच्या वाटेवर जागोजागी तपासणीसाठी खड्डे ठेवलेले आहेत. एका ठिकाणी भिंतीला खाच आहे. त्या खाचेत लाकडी फळी बसवून गाळ आणि घाण अडवत असावेत, असं रावांनी मांडलं आहे. पाणी पुढे जाणार आणि घट्ट मैला मागे राहणार. मागे राहिलेला कुणीतरी उपसल्याशिवाय ही सोय चार दिवससुद्धा चालायची नाही. खालच्या वस्तीत काही घरांचं सांडपाणी जमिनीत पुरलेल्या, बुडाला भोक असलेल्या रांजणात सोडलेलं होतं. असा रांजणही ठरावीक काळाने रिकामा करावा लागतो. या कामाची कुठे नोंद नाही, आणि असती तरी ती लिपी आजवर वाचता आलेली नाही. पण काम होत होतं याचा पुरावा त्या विटांमध्ये आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या ती गटारं वापरात राहिली.

खालच्या वस्तीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांचे पाये दिसतात. घरं फार मोठी नाहीत. दोन-चार खोल्या, न्हाणी, कुठे पडवी. तांब्याचं काम, शंखाच्या बांगड्या, मणी, असे उद्योग घरातच किंवा घराला लागून चालायचे. मणी बनवण्याच्या कारखान्यात मधे चौक आणि भोवती खोल्या आहेत, आणि जवळच दगड तापवायची भट्टी. या भट्टीचा अर्थ आम्हाला दुसऱ्या दिवशी खंभातला नीट कळला.

मग वखार. कच्च्या विटांचे चौथरे करून त्यांवर माल ठेवायचे. मूळ चौसष्ट चौथरे होते, त्यांतले बारा उरले आहेत. वखारीला आग लागली आणि माल जळाला, पण मालाच्या गाठींवर लावलेल्या मातीच्या मुद्रा त्या आगीत भाजून पक्क्या झाल्या. त्यांच्या एका बाजूला मुद्रेची चिन्हं आहेत, आणि पाठीवर दोरीचे पीळ, चटईची वीण, कापडाचा पोत असे ठसे उमटलेले आहेत. संग्रहालयात या मुद्रा काचेमागे आहेत. मी मुद्रेची बाजू बघत होते आणि वन्सं पाठीची. "दोन पदरी सुतळी आहे ही," त्या म्हणाल्या. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी गाठ मारली, त्यावर ओली माती थापली, आणि गाठीची नक्कल आपल्यापर्यंत आली.

संग्रहालय लहान आहे पण तिथे घाई करू नये. हस्तिदंताची मोजपट्टी आहे, तिच्यावरच्या रेघांत जेमतेम 1.7 मिलिमीटरचं अंतर. चर्ट दगडाची घनाकार वजनं आहेत, एक, दोन, चार, आठ, सोळा अशी दुपटीने वाढत जाणारी. हडप्पा संस्कृतीत सर्वांत जास्त सापडणारं वजन 13.7 ग्रॅमच्या आसपास भरतं. मातीच्या खेळण्यातल्या गाड्या आहेत, पटावरच्या सोंगट्या आहेत. एका रांजणावर झाडाच्या फांदीवर बसलेला, चोचीत मासा धरलेला पक्षी आणि खाली कोल्ह्यासारखा प्राणी रंगवलेला आहे. ही कावळ्या-कोल्ह्याची गोष्ट असावी, असं रावांनी सुचवलं होतं. गोष्ट तीच असेल किंवा नसेलही, पण रांजण रंगवताना कुणाला तरी एक प्रसंग सांगायचा होता हे चित्र बघून पटतं.

गोदी शेवटी पाहिली. सुमारे 215 मीटर लांब आणि 36 मीटर रुंद असा भाजक्या विटांनी बांधलेला हौद. ही जहाजांची गोदी होती की साठवणीचा तलाव, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. साबरमती आज इथून बरीच दूर वाहते. 2024 साली आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून नदीचा जुना प्रवाह लोथलजवळून जात असल्याचं दाखवलं, आणि त्याने गोदीच्या बाजूचं पारडं जड झालं. फलकावर मात्र 'जगातली सर्वांत जुनी' हेच ठळक आहे. पहिला क्रमांक कुणाचा, याने त्या माणसांच्या जगण्याबद्दल काहीच कळत नाही. भिंतीत पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की बाहेर सोडण्याची सांडव्यासारखी सोय आहे, आणि नदीच्या गाळाने हौद भरू नये म्हणून केलेला विचार त्यात दिसतो. फलकावर हे समजावून सांगितलं असतं तर तिथे आलेली शाळेची मुलं जास्त वेळ थांबली असती.

शेवटी नदीनेच लोथल मोडलं. पुन्हा पुन्हा आलेल्या पुरांचे थर खोदकामात सापडले आहेत. दर पुरानंतर लोक परतले, चौथरे उंच केले, भिंती दुरुस्त केल्या. एका मोठ्या पुरानंतर नदीने पात्र बदललं आणि गाव उतरणीला लागलं.

दुसरा दिवस : खंभात

हे ठिकाण आमच्या यादीत भट्टीमुळे आलं. खंभातच्या गल्ल्यांमध्ये अकीक घडवणारे कारागीर आजही आहेत. लोथलच्या मण्यांचा अभ्यास करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांनी याच कारागिरांजवळ बसून जुनं तंत्र समजून घेतलं. अकिकाचा कच्चा दगड भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या टेकड्यांतून येतो, आणि हडप्पाकाळातही तिथूनच येत असावा.

एका घराच्या पडवीत आम्हाला बसायला दिलं. आधी चहा आला, मग काम दाखवलं. दगड निघतो तेव्हा मळकट पिवळट-करडा असतो. तो महिनोन्‌महिने उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून राखेच्या-भुशाच्या मंद आचेवर तापवतात. दगडातलं लोह हळूहळू तांबडं होतं. एकदम आच दिली तर दगड फुटतो. तापवलेला दगड जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर टेकवायचा आणि वरून शिंगाच्या हातोडीने टिचकी मारायची. टवका टोकाच्या बाजूने उडतो. त्या कारागिरांनी बोलता बोलता ओबडधोबड खड्याची मण्याएवढी गोळी करून दाखवली. पुढचं काम भोक पाडायचं. कमठ्याच्या दोरीने सामता फिरवतात, टोकाला बारीक हिरे बसवलेले असतात आणि वरून थेंब थेंब पाणी सुटत राहतं.

हडप्पाच्या माणसांकडे हिऱ्याचं टोक नव्हतं. त्यांनी एक विशेष कठीण दगड शोधून, तापवून, त्याची सुईसारखी टोकं केली. अशी टोकं धोळावीऱ्याला शेकड्यांनी सापडली आहेत. बोटभर लांब मण्याला आरपार भोक पाडायला त्यांना कित्येक दिवस लागत. हेच लांब तांबडे मणी जहाजांनी इराकपर्यंत गेले आणि ऊर शहरातल्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले. 'मेलुहा'ची जहाजं आपल्या धक्क्याला लागतात, अशी बढाई अक्कडच्या सार्गोन राजाने मारली होती. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

राणीच्या गळ्यातला मणी आपण संग्रहालयात बघतो. त्या मण्याची दुसरी बाजू खंभातला दिसते. दगड घासताना उडणारी धूळ फुफ्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. या धंद्यातल्या कुटुंबांना तो रोग चांगला ठाऊक आहे. आम्ही बसलो होतो त्या घरातल्या आजी खोकत होत्या. वन्संनी त्यांना किती दिवस झाले विचारलं, तर त्या हसल्या आणि हाताने 'फार' अशी खूण केली. लोथलच्या त्या चौकाभोवतीच्या खोल्यांतही हीच धूळ उडत असणार. आता घासकामाजवळ धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवता येतात, ती प्रत्येक पडवीपर्यंत पोचायला हवीत. अकिकाची माळ घेताना कारागिराशी दरावरून घासाघीस करू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

निघताना बाजारातून हलवासन घेतलं. गव्हाची आणि दुधाची ही मिठाई खंभातची खासियत आहे.

तिसरा दिवस : भुजकडे

दिवसभर रस्ता. वीरमगाम मागे पडलं आणि पुढे सूरजबारीच्या पुलापाशी मिठागरांचे पांढरे ढीग सुरू झाले. भुजला पोचायला संध्याकाळ झाली. 1877 साली स्थापन झालेलं कच्छ संग्रहालय बंद व्हायच्या बेतात होतं, ते धावतपळत पाहिलं.

रात्री जेवताना पुण्याच्या डेक्कन कॉलेजची आठवण काढली, त्याला कारण होतं. नखत्राणा तालुक्यातल्या कोटडा भडली या छोट्या हडप्पाकालीन खेड्याचं उत्खनन डेक्कन कॉलेज आणि गुजरात पुरातत्त्व विभागाच्या अभ्यासकांनी मिळून केलं. तिथल्या खापरांत मुरलेली चरबी तपासल्यावर दुधाचे अंश मिळाले, तेही तापवलेल्या, प्रक्रिया केलेल्या दुधाचे. काळ साधारण इ.स.पू. 2500. समोरच्या ताटात बाजरीचा रोटलो, ताक आणि लोणी होतं. वन्संनी ताकाचा पेला रिकामा केला आणि दुसरा मागितला.

चौथा दिवस : खावड्यावरून खदीर बेटाला

भिरंडियाराला मावा खाऊन खावडा गाठलं. तिथून धोळावीऱ्याला जाणारा नवा रस्ता रणाच्या मधून जातो. पूर्वी रापरवरून मोठा वळसा पडायचा. या रस्त्याने अंतर एकदम कमी केलं आहे, आणि त्याबरोबर गर्दीही आणली आहे. दोन्ही बाजूंना मीठ, ते क्षितिजापर्यंत. लोक मधेच गाडी उभी करून फोटो काढतात. आम्हीही थोडं थांबलो, पण वारा उभं राहू देत नव्हता.

धोळावीरा ज्या खदीर बेटावर आहे ते रणाने चारही बाजूंनी वेढलेलं आहे. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी रणात समुद्राचं पाणी खेळत असावं आणि होड्या येत-जात असाव्यात, असं अनेक भूशास्त्रज्ञांचं मत आहे. तसं असेल तर या ओसाड वाटणाऱ्या जागी शहर का वसवलं हे कळतं. इथून तांबं, शंख, अकीक, घडवलेला दगड सगळीकडे पाठवता येत होता. अडचण एकच होती, प्यायच्या पाण्याची. पाऊस वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. भोवती पाणीच पाणी, पण खारं.

संध्याकाळी गावात उतरलो. मुक्काम एका भुंग्यात होता. भुंगा म्हणजे मातीच्या भिंतींचं गोल घर, वर निमुळतं गवती छप्पर.

पाचवा दिवस : धोळावीरा

सकाळी सातला निघालो आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होतो.

गावकरी या टेकाडाला कोटडा म्हणत आले आहेत. जगत्पती जोशी यांनी 1967-68 च्या सुमारास ते नोंदवलं. 1990 ते 2005 अशी वर्षानुवर्षं आर. एस. बिष्ट यांच्या मार्गदर्शनाखाली खोदकाम झालं. 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव लागलं. तटबंदीची लांबी सुमारे 771 मीटर, रुंदी 617 मीटर. आत बालेकिल्ला, त्याला लागून दुसरा कोट, मधली वस्ती, खालची वस्ती. लोथल विटांचं आहे, धोळावीऱ्यात दगड मुबलक वापरलेला आहे. जवळच्या खाणींतला तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांचा चुनखडक इतका घासलेला की खांबांच्या दगडी कड्यांवर हात फिरवला तर आजही गुळगुळीत लागतो.

पण सगळ्यात आधी दिसतो तो पूर्वेचा हौद, आणि तो बघितल्यावर बाकीचं जरा मागे पडतं. लांबी 73 मीटर, रुंदी 29 मीटर, खोली साडेदहा मीटर. कोपऱ्यातून दगडी पायऱ्या तळापर्यंत उतरतात. तळात खडक फोडून विहीर खणली आहे, म्हणजे हौद आटला तरी खालचं पाणी मिळावं. वन्सं काठावर उभ्या राहून पायऱ्या मोजत होत्या. मला वाटलं गंमत म्हणून मोजताहेत. त्या म्हणाल्या, "माघापर्यंत वरच्या पायऱ्यांवर भागत असेल. चैत्रात खालपर्यंत. भरली घागर घेऊन एवढं चढायचं म्हणजे दोनदा टेकावं लागणार. बघ, मधे रुंद पायरी ठेवली आहे का."

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणलं. त्याच उन्हाळ्यात आमच्या गावात टँकरची वाट बघत बायका रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागत होत्या. वन्सं त्यांत होत्या. बारवेच्या पायऱ्या उतरून तळातलं गढूळ पाणी वाटीने भरलेलंही त्यांनी पाहिलं आहे. म्हणून धोळावीऱ्याबद्दल त्या बोलत होत्या तेव्हा मी वही काढून लिहून घेत होते.

शहराची पाण्याची रचना अशी आहे. उत्तरेला मानसर आणि दक्षिणेला मनहर असे दोन ओढे, तेही फक्त पावसाळ्यात वाहणारे. शहराची जागा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सुमारे 13 मीटर उताराची आहे. ओढ्यांवर दगडी बंधारे घालून पाणी वळवलं आणि तटाच्या आतल्या बाजूने ओळीने मोठे हौद केले, त्या उताराचा फायदा घेऊन एकातून दुसऱ्यात पाणी जाईल असे. बालेकिल्ल्याच्या दक्षिणेचे काही हौद तर अखंड खडकात कोरलेले आहेत. म्हणायला ही सिंधूच्या खोऱ्यातली संस्कृती, पण तिच्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक नदीशिवाय उभं राहिलं ते या हौदांच्या बळावर.

बालेकिल्ल्यावर एक दगडी विहीर आहे. तिच्या काठाच्या दगडावर दोराने घासून पडलेल्या खाचा आहेत. मी बोट घातलं तर पेर बुडालं. वन्संनी खाचेत बोट घातलं नाही. त्या विहिरीच्या त्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या जिथे ओढणारा उभा राहिला असता, आणि म्हणाल्या, "उजव्या अंगाने ओढत होते." खाच खरोखर एका बाजूला झुकलेली आहे. विहिरीपासून दगडी द्रोण आणि पुढे नाली निघते, पाणी ओतलं की हौदाकडे जातं. कोणी ओढलं, कोणासाठी ओढलं, हे दोन प्रश्न इथे वेगळे करता येतात. विहीर बालेकिल्ल्यात आहे, सत्ता चालवणारी माणसं बालेकिल्ल्यात राहत असणार. खाचा पाडणारे हात त्यांचे होते असं मला वाटत नाही.

बालेकिल्ल्याखालून जाणारी दगडी गटारं काही ठिकाणी माणूस वाकून आत जाईल एवढी मोठी आहेत. यांत मैलापाणी सोडत नसत, ती पावसाचं पाणी गोळा करून साठवण्यासाठी होती, असं उत्खननकर्त्यांचं म्हणणं आहे. छतावर, अंगणात, वाटेवर पडलेला थेंब या नाल्यांतून हौदात जायचा. मग घरातलं सांडपाणी? मधल्या वस्तीत गेल्यावर ते कळलं. घराच्या भिंतीतून मोरीचं तोंड गल्लीत निघतं आणि त्याखाली मातीचा रांजण पुरलेला असतो. लोथलचा वन्संचा प्रश्न इथे आणखी टोकदार होतो. गल्लीत दर घरामागे एक रांजण असेल तर तो उपसणारं कुणीतरी दर काही दिवसांनी त्या गल्लीतून फिरणार. कदाचित घरातलीच बाई, कदाचित ठरलेला माणूस. स्वच्छ पाणी आणि घाण पाणी यांच्या वाटा वेगळ्या ठेवायचं शहाणपण ज्या शहराकडे होतं, त्याने हे काम दैवावर सोडलेलं नसणार.

आमच्या सोबत असलेले वाटाडे गावातलेच. उत्खननाच्या काळात त्यांच्या वडिलांनी तिथे मजुरी केली होती. त्यांनी उत्तर दरवाजाची जागा दाखवली. दरवाजाजवळच्या खोलीत दहा चिन्हांचा तो प्रसिद्ध फलक सापडला. लाकडी पाटीवर पांढऱ्या जिप्समच्या तुकड्यांनी बसवलेली, प्रत्येकी सुमारे 37 सेंटिमीटर उंचीची अक्षरं. लाकूड कुजून गेलं, अक्षरं पडली त्याच क्रमाने राहिली. त्यांत आऱ्यांच्या चाकासारखं चिन्ह चार वेळा येतं. हा लेख मुद्रेएवढा नाही, दरवाजाशी ये-जा करणाऱ्या सगळ्यांना लांबून दिसेल एवढा आहे. बाजाराला आलेल्या खेडुताला, हौदावर जाणाऱ्या पोरीला तो दिसत असेल. त्यांतल्या काहींना तरी वाचता येत असेल, नाहीतर एवढ्या मोठ्या अक्षरांचं कारण काय?

बालेकिल्ला आणि मधली वस्ती यांच्या मधे मोठं मैदान आहे, 283 मीटर लांब, कडेला बसायच्या पायऱ्यांसारखे टप्पे. जत्रा, बाजार, समारंभ असं काहीही तिथे भरत असेल. दुपारच्या उन्हात ते ओलांडून खालच्या वस्तीत गेलो तेव्हा कारागिरांच्या घरांचे पाये बघायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. वन्सं बघून आल्या. बांगडीचा शंख कापलेला तुकडा मातीवर दिसला, तो त्यांनी वाटाड्यांना दाखवला आणि होता तिथेच राहू दिला.

सहावा दिवस : गोल घरं

सकाळी पश्चिमेकडची दफनभूमी पाहिली. इथल्या बऱ्याच कबरींत माणूस नाही. भांडी आहेत, मणी आहेत, कुठे थोडं सोनं-तांबं आहे. दूर व्यापाराला गेलेल्या, समुद्रात गेलेल्या माणसांसाठी मागे राहिलेल्यांनी केलेली ही सोय असेल का, असा प्रश्न मला तिथे पडला.

मग पुन्हा टेकाडावर गेलो, शेवटचा काळ बघायला. धोळावीऱ्याच्या वस्तीचे सात टप्पे मानले आहेत. इ.स.पू. 3000 पासून गाव वाढत गेलं, भूकंपाने भिंती पडल्या त्या पुन्हा बांधल्या. इ.स.पू. 2200 च्या सुमारास पश्चिम आशियापासून भारतापर्यंत मोठा दुष्काळी काळ आला आणि पुढच्या टप्प्यांत शहराची घडी विस्कटत गेली. हौद बुजले, लोक निघून गेले, थोडे परत आले. अगदी शेवटी आलेल्या माणसांनी जुन्या वाड्यांचे दगड उचलून त्यांवर गोल घरं बांधली. चौकोनी खोल्या, काटकोनात जाणारे रस्ते, दुपटीची वजनं, सगळं सुटलेलं होतं. आम्ही राहत होतो त्या भुंग्याचा आकार आणि या पायांचा आकार एकच आहे.

उत्खननांच्या वर्णनात याला बहुतेक वेळा 'ऱ्हास' म्हटलेलं असतं, मीही शिकवताना तेच म्हटलं. वन्संचं मत वेगळं पडलं. "पाऊस नसेल तर एवढे हौद साफ करायला माणसं कुठून आणायची? चार घरं, दहा गुरं, एक झरा. भागतं." कच्छमधल्या 2001 च्या भूकंपात चौकोनी इमारती कोसळल्या तेव्हा पुष्कळ भुंगे तगले, हेही खरं आहे.

हीच गोष्ट आपल्याकडेही घडली आहे. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं, हसमुख सांकलिया आणि म. के. ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली. तिथेही आधी मोठी चौकोनी घरं, पुराचं पाणी वळवणारा पाट, धान्याची कोठारं. इ.स.पू. 1000 नंतर पावसाने हात आखडला आणि घरं लहान आणि गोल झाली. ढवळीकरांनी त्याचा संबंध वाढत्या कोरडेपणाशी जोडला. लोक शेती कमी करून मेंढरं-गुरांकडे वळले. काळ वेगळा, माणसं वेगळी, पण पाणी हटल्यावर घर कसं बदलतं याचं उत्तर खदीर बेटावर आणि घोडनदीकाठी एकच निघालं.

परतताना रापरचा जुना रस्ता धरला. बेटावरून उतरल्यावर बालासरच्या पुढे रानगाढवांचा कळप दिसला, मग गांडा बाभळीची झुडपं आणि जिऱ्याची शेतं. गाडीत मी वन्संना इनामगावच्या पाटाबद्दल सविस्तर सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, तो पाट दरसाल गाळ काढून कोण मोकळा करायचं, याबद्दल त्या पुण्याच्या लोकांनी काही लिहिलं आहे का? असा पाट आणि बांध सगळ्या गावाने मिळून सांभाळला असणार आणि गावाचा कुणी प्रमुख ते काम वाटून देत असणार, असं ढवळीकरांनी मांडलं आहे, हे मी सांगितलं. भचाऊ येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो. शिरूरला वन्संच्या मामेबहिणीचं घर आहे, तिला तिथूनच फोन लावला.